आखूड नळीची रायफल आणि सप्रेसर: अमेरिकेत आधी कागद, मग सुटे भाग

अमेरिकेच्या संघीय कायद्यानुसार नळी १६ इंचांपेक्षा आखूड असेल किंवा पूर्ण हत्यार २६ इंचांपेक्षा लहान असेल, तर ती रायफल 'शॉर्ट-बॅरल्ड रायफल' ठरते. बोलण्यात तिला सगळे एसबीआर म्हणतात. १९३४ च्या नॅशनल फायरआर्म्स ॲक्टखाली, म्हणजे एनएफएखाली, तिची नोंदणी लागते. सप्रेसर, म्हणजे नळीच्या तोंडावर बसवून आवाज कमी करणारा भाग, हाही त्याच कायद्यात येतो, पण त्याची नोंदणी वेगळी करावी लागते. एकाच बंदुकीवर दोन्ही बसवायचे असतील तर दोन अर्ज आणि दोन मंजुऱ्या लागतात.

एआर-१५ घराण्यातल्या रायफलीची जोडणी अवघड नाही. लोक अडकतात ते क्रम चुकल्यामुळे. आखूड नळी स्वस्तात मिळाली म्हणून आधी घेऊन ठेवतात आणि अर्जाचे नंतर बघू म्हणतात. या कायद्यात 'नंतर' चालत नाही. नोंदणी नसलेले हत्यार जवळ सापडले तर १० वर्षांपर्यंत कैद होऊ शकते आणि हत्यार जप्त होते. ग्रीन कार्डवर राहणाऱ्यांना आणखी एक धोका आहे: शस्त्रविषयक गुन्ह्यात दोषी ठरल्यास देशाबाहेर पाठवले जाऊ शकते.

सुरुवात राज्यापासून

संघीय मंजुरी मिळते ती राज्याच्या कायद्याला धरूनच. खाजगी मालकीचा सप्रेसर ४२ राज्यांत चालतो. कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क, न्यू जर्सी, इलिनॉय, मॅसॅच्युसेट्स, डेलावेअर, ऱ्होड आयलंड आणि हवाई या आठ राज्यांत तो चालत नाही, राजधानी वॉशिंग्टन डीसीतही नाही. एसबीआरला कॅलिफोर्निया, न्यू यॉर्क आणि न्यू जर्सीत सामान्य माणसासाठी वाट बंद आहे. मोठी मराठी वस्ती असलेले न्यू जर्सीतला एडिसनचा परिसर आणि कॅलिफोर्नियातला बे एरिया हे दोन्ही भाग याच राज्यांत येतात, त्यामुळे तिथल्या वाचकांसाठी हा विषय इथेच थांबतो. टेक्सास, जॉर्जिया, नॉर्थ कॅरोलायना किंवा ॲरिझोनात राहत असाल तर पुढे जाता येते. वॉशिंग्टन राज्यात एसबीआरला वेगळी परवानगी असली तरी २०२३ च्या कायद्याने एआर जातीच्या रायफलींची विक्री आणि निर्मितीच बंद केली आहे. म्हणून 'एसबीआर चालते का' एवढेच विचारून भागत नाही, 'मूळ रायफल चालते का' हेही पाहावे लागते. कनेक्टिकटमध्ये सप्रेसर बाळगता येतो, पण शिकारीला वापरता येत नाही.

व्हिसा: यावर घाईने पुढे जाऊ नका

एच-१बी, एल-१ आणि एफ-१ हे सारे बिगर-स्थलांतरित व्हिसा आहेत. अशा व्हिसावरील व्यक्तीला संघीय कायद्याने बंदूक किंवा काडतूस बाळगायला मनाई आहे. कुठल्याही राज्याचा चालू शिकार परवाना असेल तर या मनाईला अपवाद मिळतो, आणि बरेच जण त्या बळावर साधी रायफल घेतातही. मात्र त्याच अपवादावर एनएफए वस्तूची नोंदणी करण्याआधी स्थलांतर आणि शस्त्रकायदा दोन्ही जाणणाऱ्या वकिलाला पैसे देऊन सल्ला घ्या. मित्रांच्या ग्रुपमधले उत्तर इथे पुरत नाही. ग्रीन कार्डधारकाला आणि नागरिकाला ही मनाई नाही.

घरातली बाजू बहुतेकांच्या नजरेतून सुटते. नवरा नागरिक आहे, बायको अजून व्हिसावर आहे आणि तिजोरीची किल्ली दोघांकडे आहे, तर बायकोच्या 'ताब्यात' बंदूक आहे असा अर्थ निघू शकतो. पुण्याहून सहा महिन्यांसाठी आलेल्या आईवडिलांनाही हेच लागू होते. तिजोरीचा आकडा फक्त पात्र व्यक्तीलाच माहीत हवा.

स्वतःच्या नावावर की ट्रस्टवर

स्वतःच्या नावावर नोंदणी केली तर ती वस्तू तुमच्याशिवाय दुसऱ्या कोणाच्याही ताब्यात राहू शकत नाही. रेंजवर, म्हणजे गोळीबाराच्या सरावाच्या जागी, तुम्ही शेजारी उभे असताना मित्राने ती झाडली तर चालते, पण दोन दिवसांसाठी त्याच्या घरी ठेवता येत नाही. ट्रस्ट केला तर त्यातला प्रत्येक विश्वस्त ती वस्तू बाळगू शकतो. त्यासाठी जुलै २०१६ पासूनच्या नियमाप्रमाणे प्रत्येक 'जबाबदार व्यक्ती'चा फॉर्म ५३२०.२३, फोटो आणि बोटांचे ठसे द्यावे लागतात. पती-पत्नी दोघेही पात्र असतील आणि दोघांनाही वापर करायचा असेल, तर ट्रस्टचा त्रास घेण्यात अर्थ आहे. एकट्या माणसाला स्वतःच्या नावावरचा अर्ज सोपा पडतो.

फॉर्म १ आणि फॉर्म ४

स्वतः जोडायच्या रायफलीसाठी फॉर्म १ लागतो. तो 'तयार करून नोंदवण्याचा' अर्ज आहे. दुकानातून घ्यायच्या सप्रेसरसाठी फॉर्म ४ लागतो, कारण तिथे वस्तू आधीच नोंदलेली असते आणि फक्त मालक बदलतो. दोन्ही अर्ज एटीएफच्या, म्हणजे बंदुकांवर देखरेख करणाऱ्या संघीय संस्थेच्या, ई-फॉर्म्सवर ऑनलाइन भरता येतात. सोबत दोन इंच चौकोनी फोटो आणि एफडी-२५८ कार्डावरचे ठसे लागतात, आणि स्थानिक पोलीसप्रमुखाला प्रत पाठवावी लागते. ठसे पुसट आले तर अर्ज रखडतो. ज्यांची बोटे कोरडी असतात किंवा कामाने घासलेली असतात, त्यांनी आधी दोन-तीन दिवस हाताला क्रीम लावावे आणि कार्डे शाईऐवजी डिजिटल यंत्रावर काढून घ्यावीत.

१९३४ पासून या प्रत्येक अर्जावर २०० डॉलर कर होता. जुलै २०२५ मध्ये झालेल्या कायद्याने १ जानेवारी २०२६ पासून सप्रेसर आणि एसबीआर यांच्यावरचा तो कर शून्य झाला. मशीनगनवर तो तसाच आहे. 'कर गेला म्हणजे नोंदणी गेली' हा समज सध्या फार पसरला आहे. तो चुकीचा आणि धोक्याचा आहे. अर्ज, ठसे, तपासणी आणि लेखी मंजुरी यांतले काहीही गेलेले नाही. फॉर्म आणि नियम बदलत्या अवस्थेत असल्यामुळे, भरण्याच्या दिवशी फॉर्मवरच्या सूचना पुन्हा वाचा.

फॉर्म १ मध्ये लोअर रिसीव्हरवरचा, म्हणजे चाप बसतो त्या खालच्या सांगाड्यावरचा, मूळ निर्माता, मॉडेल आणि क्रमांक जसाच्या तसा उतरवा. कारखान्याने खोदलेला क्रमांक असेल तर नवा क्रमांक तयार करायचा नाही. कॅलिबर, नळीची लांबी आणि एकूण लांबी तुम्ही ठरवलेल्या जोडणीप्रमाणे लिहा. नंतर कधीतरी दुसरी नळी बसवली तर नोंदणी बाद होत नाही. तरी जिच्यावर नोंदणी झाली ती मूळ जोडणी पुन्हा करता येईल एवढे भाग जवळ ठेवावेत, आणि बदल कायमचा असेल तर एटीएफला कळवावे.

मंजुरीपर्यंत काय हाताशी ठेवायचे

सर्वांत जास्त चुका याच टप्प्यावर होतात. लोअरवर खांद्याला टेकवायचा दस्ता आहे, कपाटात १०.५ इंची अपर (नळी असलेला वरचा भाग) आहे आणि घरात दुसरी कुठलीही कायदेशीर जोडणी शक्य नाही. मग दोन पिना सरकवल्या की एसबीआर तयार, आणि हे 'जोडणीला तयार अवस्थेत बाळगणे' धरले जाऊ शकते. १९९२ मध्ये थॉम्पसन/सेंटर आर्म्सच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने किट बनवणाऱ्या कंपनीच्या बाजूने निकाल दिला, कारण त्या भागांपासून कायदेशीर पिस्तूल आणि कायदेशीर रायफल दोन्ही बनत होते. तुमच्या घरातल्या भागांचा कायदेशीर उपयोग दिसत नसेल तर हा निकाल तुमच्या कामाचा नाही.

सुरक्षित वाट सरळ आहे. मंजुरी येईपर्यंत तीच लोअर १६ इंची अपरसह साधी रायफल म्हणून वापरा. आखूड अपर मंजुरीनंतरच मागवा. कागद यायच्या आधीच कोणी भाग देऊ करत असेल तर ते त्याच्याच घरी राहू द्या.

दुसरी वाट पिस्तुलाची. लोअर मुळात पिस्तूल म्हणून जोडलेली असेल तर ती पुढे रायफल करता येते आणि पुन्हा पिस्तूलही करता येते. एटीएफचा २०११ चा निर्णय हे मान्य करतो. पण जी लोअर पहिल्यांदाच रायफल म्हणून विकली गेली, तिचे पिस्तूल होत नाही. त्यामुळे मोकळी लोअर घेताना दुकानदाराच्या फॉर्मवर ती 'रिसीव्हर' म्हणूनच लिहिली आहे ना, ते पाहा. पिस्तुलाच्या मागे लावून मनगटाला बांधायच्या ब्रेसबद्दलचा, अशी पिस्तुले बहुतांशी एसबीआर धरणारा, २०२३ चा नियम टेक्सासमधल्या संघीय न्यायालयाने जून २०२४ मध्ये रद्द केला. तरी मूळ कायद्यातली 'खांद्यावरून झाडण्यासाठी बनवलेली' ही व्याख्या कायम आहे, त्यामुळे ब्रेस म्हणजे दस्त्याची मोकळीक असे समजू नका.

नळी आणि लांबी नीट मोजा

बंदूक रिकामी करा, चेंबर (काडतूस बसते ती जागा) डोळ्यांनी आणि बोटाने तपासा, बोल्ट (चेंबर बंद करणारा सरकता भाग) बंद करा. नळीच्या तोंडातून लाकडी काठी बोल्टच्या चेहऱ्याला टेकेपर्यंत आत सोडा, तोंडापाशी खूण करा, काठी बाहेर काढून मोजा. ही नळीची कायदेशीर लांबी. तोंडावर फिरवून बसवलेला ब्रेक (धक्का कमी करणारा भाग) किंवा सप्रेसर त्यात धरला जात नाही. पूर्ण वेल्ड, किमान ११०० अंश फॅरनहाइटला वितळणारे चांदीचे झाळण, किंवा आरपार न जाणाऱ्या भोकात पिन घालून तिच्या डोक्यावर वेल्ड, अशा रीतीने कायमचा जोडलेला भागच मोजला जातो. १४.५ इंची नळीवर लांब ब्रेक पिन-वेल्ड करून १६ इंच भरवणारे लोक याच तरतुदीचा उपयोग करतात. त्यांना एसबीआरची नोंदणी लागत नाही. एकूण लांबी दस्ता पूर्ण उघडून, नळीच्या अक्षाला समांतर मोजायची.

खोदकाम

फॉर्म १ वर रायफल तयार करणारे तुम्ही, म्हणून कायद्याच्या नजरेत 'निर्माते' तुम्हीच. रिसीव्हरवर तुमचे नाव, शहर आणि राज्य कोरावे लागते. ट्रस्ट असेल तर ट्रस्टचे जसे नोंदवलेले नाव आहे तसे. खोली किमान ०.००३ इंच आणि क्रमांकाच्या अक्षरांची उंची किमान १/१६ इंच हवी. म्हणून ट्रस्टचे नाव सुरुवातीलाच आटोपशीर ठेवा. 'द देशपांडे फॅमिली रिव्होकेबल लिव्हिंग ट्रस्ट' एवढे लोअरवर कोरायला जागा पुरत नाही. काम लेझरवाल्याकडून करून घेतले तर खोली किती आली ते विचारून लिहून घ्या, कारण फक्त काळा रंग उडवणारे लेझर बरेच असतात आणि ते चालत नाही. हे काम मंजुरीनंतर आणि आखूड अपर बसवण्याआधी उरका.

सप्रेसर घ्या, बनवू नका

फॉर्म १ वर सप्रेसर स्वतः बनवण्याची वाट कायद्यात आहे. तरीही आमचा सल्ला कारखान्याचाच घ्या असा आहे. कायद्यात सप्रेसरचा प्रत्येक सुटा भाग हाच 'सप्रेसर' धरला जातो. एक बॅफल (आतली वायू अडवणारी चकती) बिघडला तर खाजगी मालकाला बदली बॅफल करून घालता येत नाही, ते काम परवानाधारक निर्मात्याचे. 'सॉल्व्हंट ट्रॅप' (बंदूक साफ करतानाचा द्रव गोळा करायचा डबा) नावाने विकली जाणारी किट मागवणाऱ्यांच्या दारात एटीएफचे अधिकारी गेल्याची उदाहरणे आहेत. कारखान्याच्या सप्रेसरला किमान नळी किती लागते ते ठरलेले असते, ताण सोसण्याची चाचणी झालेली असते आणि फुटला तर परत पाठवता येतो.

ती किमान नळी पाहूनच सप्रेसर निवडा. ५.५६ मिलिमीटरची, म्हणजे एआरची नेहमीची, काडतुसे १०.३ किंवा १०.५ इंची नळीतून झाडली की तोंडाशी वायूचा दाब खूप जास्त असतो आणि जळणारी पूड पहिल्या बॅफलवर आदळते. १६ इंचासाठी आखलेला हलका सप्रेसर इथे झिजतो, कधी तडकतो. थोडी लांबी परवडत असेल तर ५.५६ ला ११.५ किंवा १२.५ इंच जास्त समजूतदार. नळी जितकी आखूड, तितका गोळीचा वेग घटतो आणि आवाज वाढतो. ३०० ब्लॅकआउट हे काडतूस मात्र आखूड नळी आणि सप्रेसर डोळ्यांसमोर ठेवूनच आखलेले आहे. त्याला नऊ इंचांची नळी पुरते.

आवाजाबद्दल सिनेमाने डोक्यात भरवलेले काढून टाका. एआर रायफलीचा आवाज साधारण १६५ डेसिबल असतो, सप्रेसर त्यातले २० ते ३५ कमी करतो. गोळी ध्वनीपेक्षा वेगाने जात असेल तर तिचा तडाखा सप्रेसर थांबवू शकत नाही. २० अंश सेल्सिअसला ध्वनीचा वेग सेकंदाला सुमारे ११२५ फूट. ३०० ब्लॅकआउटची २२० ग्रेनची जड गोळी त्याखाली, १०००-१०५० फुटांनी जाते, म्हणून ती खरोखर शांत वाटते. ५.५६ ला सप्रेसर असला तरी कानांचे संरक्षण लावाच.

आटे आणि सरळपणा

५.५६ च्या नळ्यांवर बहुधा १/२-२८ आटे (अर्धा इंच व्यास, इंचाला २८ आटे) असतात, ३० कॅलिबरवर (३०० ब्लॅकआउट यातच येते) ५/८-२४. पण ३० कॅलिबरची एखादी नळी १/२-२८ आट्यांचीही मिळते. ५.५६ चा सप्रेसर तिच्यावर बसतो आणि पहिल्या गोळीला फाटतो. सप्रेसरवर कॅलिबर रंगाने लिहून ठेवा.

माउंट (सप्रेसर अडकवायचा भाग) बसवताना क्रश वॉशर (आवळताना चेपणारी चकती) वापरू नका. तो एका बाजूला जास्त दबतो, सप्रेसर केसभर तिरका बसतो आणि गोळी शेवटच्या बॅफलला घासते. नळीवरच्या आट्यांमागच्या खांद्यावर थेट घट्ट बसणारा माउंट किंवा मोजून घातलेले शिम (पातळ चकत्या) वापरा. ब्रेक फिरू नये म्हणून रॉकसेट (उष्णता सोसणारा चिकट पदार्थ) लावतात. ते वाळायला २४ तास द्या. उष्णतेने ते सुटत नाही, पाण्यात भिजवल्यावर सुटते. त्यानंतर अलाइनमेंट रॉड, म्हणजे सरळपणा तपासायची सळई, चेंबरच्या बाजूने घालून सप्रेसरच्या तोंडातून पाहा. रॉड भोकाच्या मधोमध दिसला पाहिजे. एका कडेला टेकत असेल तर झाडू नका, माउंट काढून पुन्हा बसवा. दोनदा करूनही तसेच राहिले तर नळीचे आटे वाकडे कापलेले आहेत, नळी परत पाठवा.

गॅस

एआरचा बोल्ट नळीतल्या वायूच्या जोरावर मागे जातो. सप्रेसर लागला की वायूला बाहेर पडायला वेळ लागतो आणि बोल्ट जास्त जोरात मागे येतो. आखूड नळीत हे आणखी वाढते. त्याची लक्षणे अशी: पुंगळ्या घड्याळातल्या एक-दोनच्या दिशेने दूर उडतात, पुंगळीच्या कडेवर एक्स्ट्रॅक्टरचे (पुंगळी ओढणाऱ्या आकड्याचे) ओरखडे पडतात, डोळ्यांत धूर जातो, कधी पुढचे काडतूस उचललेच जात नाही. आधी बफर (बोल्टच्या मागचे वजन) जड करून पाहा. कार्बाइन बफर साधारण ३ औंसांचा असतो, एच२ ४.६ आणि एच३ ५.४ औंसांचा. तेवढ्याने भागले नाही तर जुळवता येणारा गॅस ब्लॉक (किती वायू जाऊ द्यायचा ते ठरवणारा भाग) घाला.

जुळवणी रेंजवर, सप्रेसर लावून करायची. गॅस बंद करा, मॅगझीनमध्ये एकच काडतूस घाला आणि झाडा. बोल्ट मागे अडकला नाही तर एक टप्पा उघडा आणि पुन्हा झाडा. बोल्ट पहिल्यांदा मागे अडकेल तो टप्पा सापडला की आणखी एक-दोन टप्पे उघडा, कारण थंडीत आणि मळ साचल्यावर बंदूक जास्त गॅस मागते. हे काम ज्या काडतुसाने नेहमी झाडणार त्यानेच करा. ३०० ब्लॅकआउटमध्ये मंद आणि वेगवान दोन्ही काडतुसे चालवायची असतील तर मंद काडतुसावर जुळवा. या सगळ्याचा कंटाळा असेल तर वायू पुढे सोडणारे सप्रेसर मिळतात. ते थोडे महाग पडतात, पण चेहऱ्यावर येणारा धूर खूप कमी होतो.

त्या धुरात शिसे असते. घरी लहान मुले असतील तर रेंजवरून आल्यावर आधी हात आणि तोंड गार पाण्याने, साबणाने धुवा, कपडे वेगळे टाका, मग मुलांना जवळ घ्या.

एक चूक जी बंदूक फोडते

३०० ब्लॅकआउटचे काडतूस ५.५६ च्या चेंबरमध्ये शिरू शकते आणि बोल्ट बंद होऊ शकतो. चाप ओढला की मोठी गोळी लहान नळीत अडकते आणि रिसीव्हर फाटतो. दोन्ही मॅगझीन दिसायला हुबेहूब असतात. दोन्ही कॅलिबर घरात असतील तर ३०० ची मॅगझीन वेगळ्या रंगाची घ्या, पट्टी लावा आणि दोन्ही काडतुसे एकाच दिवशी रेंजवर नेऊ नका. हा नियम कोणी सक्तीने लावलेला नाही, पण आम्ही सक्तीनेच सांगतो.

आखूड हँडगार्डवर (नळीभोवतीच्या आवरणावर) हात पुढे सरकून नळीच्या तोंडापर्यंत जातो, म्हणून पुढे हँडस्टॉप (हात अडवणारा उंचवटा) लावा. सप्रेसर दोन मॅगझीनमध्ये त्वचा भाजेल इतका तापतो. तापलेली बंदूक नायलॉनच्या पिशवीत घातली तर पिशवी वितळते.

परदेशी बनावटीची रायफल असेल तर

आयात केलेली सेमी-ऑटोमॅटिक पिस्तूल दस्ता लावून एसबीआर करायची असेल, तर कायद्यातल्या ९२२(आर) या तरतुदीप्रमाणे यादीतल्या वीस भागांपैकी परदेशी भाग दहापेक्षा जास्त नकोत. सगळे भाग अमेरिकन असलेल्या एआरला हा प्रश्न येत नाही. आयात केलेल्या आणि एके जातीच्या रायफलींना येतो.

प्रवास, स्थलांतर, भारत

एसबीआर राज्याबाहेर न्यायची तर आधी फॉर्म ५३२०.२० वर मंजुरी घ्यावी लागते, सप्रेसरला ती लागत नाही. घाई असेल तर आखूड अपर घरी ठेवून १६ इंची अपर लावून न्या, तेव्हा ती साधी रायफल असते. मात्र आखूड अपर त्याच गाडीत असेल तर या युक्तीचा उपयोग नाही. नोकरी बदलून न्यू जर्सीला जायचे ठरले तर ट्रक बोलावण्याआधी या वस्तू मंजूर राज्यातल्या परवानाधारकाकडे विका, किंवा आखूड नळी मोडीत काढा.

भारतात यातले काहीही नेण्याचा विचारसुद्धा करू नका. भारतीय शस्त्र अधिनियम १९५९ च्या व्याख्येत आवाज किंवा झोत कमी करणारा सुटा भागही 'अग्निशस्त्र' धरला आहे, आणि कलम ६ प्रमाणे परवान्याशिवाय बंदुकीची नळी आखूड करणे हा वेगळा गुन्हा आहे. बॅगेत चुकून राहिलेले एक काडतूसदेखील विमानतळावर अटकेला पुरेसे ठरते. रेंजवर नेलेली बॅग आणि मुंबईला जाण्याची बॅग वेगवेगळी ठेवा.

मंजुरीचा कागद छापून एक प्रत बंदुकीच्या पिशवीत, एक फोनमध्ये आणि एक घरच्या कागदपत्रांत ठेवा. मालकाचा मृत्यू झाला तर वारसाला फॉर्म ५ भरून ही वस्तू स्वतःच्या नावावर करून घेता येते. तोपर्यंत ती मृत्युपत्राच्या व्यवस्थापकाच्या ताब्यात राहते आणि दुसऱ्या कोणाला देता किंवा विकता येत नाही. म्हणून घरात अशा वस्तू आहेत, त्यांचे कागद कुठे आहेत आणि कुठल्या वकिलाला फोन करायचा, हे व्यवस्थापकाला लेखी कळवून ठेवा.